एका कागदावर दोघी

आंबिवलीच्या घरात तिला सोनल म्हणतात आणि ठाकुर्लीला, बापाच्या दारात, कल्पिता. बारा वर्षं ही दोन नावं दोन स्टेशनांवर सुखाने नांदत होती.

नाव बदलायचं कारणही साधंच होतं. सासरी थोरली जाऊ आधीच कल्पिता होती. एका घरात दोन कल्पिता झाल्या तर हाक कुणाला मारली ते कळायचं कसं? म्हणून लग्नात नयनने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि बायजाकाकीने ते गाऊन मांडवभर केलं. बायजाकाकी नयनची चुलती, गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन एकेक विधी पुढे नेते ती धवलारीण. काकीला अक्षर येत नाही, पण हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं गाणं ओळीने तोंडात. त्या लग्नाला भटजी नव्हताच. काकीने गायलं, लग्न लागलं.

कल्पिताची तेव्हा कम्प्युटर सायन्सची दोन वर्षं झाली होती. चार सेमिस्टर, चारही पास. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायच्या दिवसांतच दारात मांडव पडला आणि गुणपत्रिका बापाच्या पेटीत गेल्या.

आता ती स्टेशनजवळच्या क्लासात पोरांना कम्प्युटर शिकवते. तिच्या हाताखालची मुलं पदवीधर होऊन पेढे घेऊन येतात. पेढा गोडच लागतो, पण खाताना तिला वाटतं, आपला पेढा तेवढा वाटायचा राहिला.

त्या पेढ्यापायीच ती एके दिवशी ठाण्याला गेली. मुक्त विद्यापीठाच्या तिथल्या अभ्यासकेंद्रावर संदेश नावाचा मुलगा बसतो. त्याने गुणपत्रिका उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाला, "ताई, तुमची दोन वर्षं कुठे गेलेली नाहीत. ही क्रेडिट्स आहेत. तिकडून उचलायची, इकडे आणायची."

मग राहतं एकच वर्ष. सहा पेपर. रोज वर्गात बसायचं नाही. घरी वाचायचं, परीक्षेला यायचं. फी ऐकून तिने दोनदा विचारलं, पूर्ण वर्षाची ना? खासगी कॉलेजात एवढ्यात महिनाही निघाला नसता.

घरी आल्यावर तिने नयनला सांगितलं की आपले मार्क कणगीतल्या भातासारखे झाकून राहिलेत. नयनचा रेती-विटांचा धंदा, चेष्टेची सवय. बारा वर्षांत उंदरांनी काय ठेवलंय ते बघ म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी फॉर्मचे पैसे स्वतःच भरून आला.

आठ दिवसांनी उत्तर आलं. गुणपत्रिका कल्पिता परशुराम भोईर हिच्या, आधार कार्ड सोनल नयन पाटील हिचं. दोघी एकच असल्याचा पुरावा पंधरा दिवसांत द्यावा. नाहीतर जुनी क्रेडिट्स धरली जाणार नाहीत, प्रवेश पहिल्या वर्षापासून.

भाकरी थापता थापता ती हिशोब करत राहिली. एक वर्ष ती घरातून, क्लासातून, सणावारातून चोरू शकत होती. तीन नाही. तीन म्हटली की पेटी पुन्हा बंद.

संदेशला फोन केला. त्याने सांगितलं, घाबरू नका, लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणा. त्यात बायकोचं आधीचं नाव असतं, आत्ताचं असतं. सोबत एक प्रतिज्ञापत्र, झालं.

पण लग्नाची नोंदणी होतीच कुठे! नयन डोकं खाजवत म्हणाला, "हजार माणूस जेवून गेला. अजून कसली नोंद?" गावात सगळ्यांचंच तसं. पत्रिका देव्हाऱ्यामागे, फोटो कपाटात, आणि लग्न लोकांच्या ध्यानात.

नोंदणीचा फॉर्म आणला. साक्षीदार हवे होते, ते टेम्पो भरून मिळाले असते. शेवटच्या रकान्यापाशी मात्र दोघं थांबले. लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव आणि सही.

नयनच्या मते ओळखीच्या एखाद्या भटजीची सही घ्यावी, कोण बघतं. तिला ते पटेना. खोट्या सहीवर खरे मार्क कसे आणायचे? ती उठून पलीकडच्या दारात गेली. काकी ओट्यावर सुकट निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि सुपावरची मान वर न करता म्हणाली, "लगीन कुनी लावलं? मीच ना? मंग सही दुसऱ्याची कशाला गो?"

सोमवारी चौघं साक्षीदारांना घेऊन कल्याणच्या नोंदणी कार्यालयात गेली. काकी हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून, लग्नाला निघाल्यासारखी. परशुरामबाबा ठाकुर्लीहून पेटीतल्या लग्नपत्रिकेसकट हजर. टेबलावरच्या मॅडम फॉर्म वाचत शेवटच्या रकान्यापाशी आल्या आणि त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. या पुरोहित? काकीने मान हलवली. मॅडमनी सौम्यपणे विचारलं, तुम्ही नेमकं काय केलंत, आजी?

काकीला प्रश्न पोचला, पण उत्तर बोलून देणं तिला जमेना. बोलायची तिला सवयच नव्हती, गायची होती. तिने पदर सारखा केला आणि हलक्या आवाजात सुरुवात केली:

ताटान तांदूल गो, तांदलान बोट,
बोटाचे टोकाला नवं नाव.
कल्पिताला पाट द्या, सोनलला पाट द्या,
दोघी जेवतील एका ताटी.

आजूबाजूच्या टेबलांवरचे शिक्के थांबले. सोनल काकीकडे बघतच राहिली. बारा वर्षांपूर्वी मुंडावळ्यांच्या आड तिला हे ऐकूच आलं नव्हतं. तिला वाटत होतं, तांदळात नवं नाव लिहिलं तेव्हा जुनं पुसलं गेलं. काकीने तर दोघींना पाट मांडला होता.

मॅडमनी पेन उचललं. "पुरोहित म्हणून काय लिहू?"

"धवलारीन लिव्ह. आनि सही नाय, आंगठा."

दाखला चार दिवसांनी हातात आला आणि प्रतिज्ञापत्रासोबत ठाण्याला पोचला. पंधरा दिवसांतल्या बाराव्या दिवशी संदेशचा मेसेज: क्रेडिट्स मंजूर, चारही सेमिस्टर. तिने तो क्लासात, पोरांसमोर वाचला आणि फळ्याकडे तोंड करून उगाच खडू शोधत राहिली.

मग ते वर्ष आलं. पहाटे भाकऱ्या, सकाळी क्लास, दुपारी पुस्तक. काकी सुपारी कातरत शेजारी बसायची. कुणी पाठ करत असलं की तिला बरं वाटतं. एका दुपारी सोनल रिकर्शनवर अडली. स्वतःलाच हाक मारणारं काम, आत आत जाणारं, आणि मग उत्तर घेऊन त्याच वाटेने परतणारं. शिकवायला सोपं होतं, कागदावर पायऱ्या मांडताना चुकत होतं. काकीने विचारलं काय ते. तिने जमेल तसं सांगितलं.

काकी म्हणाली, असं गाणं हाय की. नवरी वेणी मागते आईकडे, आई फूल मागते जाईकडे, जाई पाणी मागते विहिरीकडे. विहिरीकडे असतंच, तिला कुणाकडे मागावं लागत नाय. मग पाणी जाईला, फूल आईला, वेणी नवरीला.

"आनि येताना एक घर चुकवलंस," काकीने अडकित्ता रोखून बजावलं, "तर नवरी मोकल्या केसांची र्‍हाईल."

तिच्या वहीत त्या पानावर अजून विहीर काढलेली आहे.

परीक्षा ठाण्याला. सहाही पेपरांना नयनने तिला रेतीच्या टेम्पोतून सोडलं. उतरताना ती साडी झटकायची आणि आत जायची. चौथ्या पेपरात रिकर्शन आलं. ती आई, जाई, विहीर करत खाली उतरली आणि एकही घर न चुकवता वर आली.

निकालाचा कागद आला तेव्हा ती तो घेऊन आधी पलीकडच्या दारात गेली, पेढे वाटायचे मागाहून. वर छापलं होतं: सोनल नयन पाटील, पूर्वीचं नाव कल्पिता परशुराम भोईर. खाली सहा सेमिस्टर, एकाखाली एक.

काकीने कागद मांडीवर पसरला. यात कल्पिता कुठली न् सोनल कुठली, तिने विचारलं. सोनलने काकीचं बोट धरून वरच्या चार ओळींवरून फिरवलं, ही कल्पिता. मग खालच्या दोन ओळींवरून, ही सोनल.

"मार्क जास्ती कुनाला?"

"खालचीला."

"आसनारच," काकी म्हणाली, "तिला मी शिकवलंय." आणि पेढ्यासाठी हात पुढे केला.