एकशे त्रेचाळिसावं नाव

धर्मेंद्रने फडकं पुन्हा ओलं केलं आणि भिंतीवरचा पासवर्ड घासायला घेतला. खडूने लिहिलेला असता तर एका हातात गेला असता. पण ग्रामसेवक हिंमतरावांनी तो निळ्या ऑइलपेंटने रंगवून घेतला होता, ग्रामसभेच्या सूचनेशेजारी, तिच्याइतकाच ठसठशीत. वर 'संगणक चालू करण्यासाठी' असं शीर्षकही दिलं होतं.

"भाऊसाहेब, आख्खं गाव वाची ऱ्हायनं ना हाई!"

"त्यानाकरताच लिखेल शे," हिंमतराव शांतपणे म्हणाले. "मी सुटीवर गयू, आनि कोनाले दाखला पायजे ऱ्हायना, तं काम आडकाले नको."

हिंमतराव शहाद्याकडचे, पंचवीस वर्षांच्या नोकरीत गावाचं एक काम त्यांनी अडू दिलं नव्हतं, आणि कुलूप ही वस्तू त्यांच्या मते फक्त लोकांची अडवणूक करण्यासाठी तयार झालेली होती. धर्मेंद्रने रॉकेलचा बोळा मागवला, अक्षरं पुसट होईपर्यंत घासली आणि नवा पासवर्ड त्यांना कानात सांगितला. त्यांनी तो लगेच खिशातल्या डायरीत, पहिल्याच पानावर, लाल शाईने लिहून घेतला.

उंबरापाणीची ग्रामपंचायत आणि तिला भिंतीला भिंत लावून असलेलं आरोग्य उपकेंद्र देशाच्या आरोग्य जाळ्याला जोडायचं होतं. धर्मेंद्र मूळचा रनाळ्याचा, जिल्हा परिषदेत कंत्राटावर. गेली तीन वर्षं तो धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात हेच काम करत फिरत होता. एकदा जोडणी झाली की इथल्या माणसाचा तपासणीचा कागद नंदुरबारच्याच काय, सुरतेच्या डॉक्टरलाही उघडता येणार होता. अट एवढीच, की ज्याचा कागद त्याने हो म्हणायला हवं. हो म्हणायचं म्हणजे आपल्या मोबाईलवर आलेला सहा आकडी कोड सांगायचा.

आणि उंबरापाणीत घोडं अडलं ते इथेच. यादीतल्या एकशे त्रेचाळीस माणसांचा मोबाईल नंबर एकच होता. तो होता गावातल्या आशा सेविकेचा, म्हणजे रेवाबाईचा.

यात तिचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? नोंदी झाल्या तेव्हा गावात दहा-बारा फोन होते, आणि तेही माणसांबरोबर गुजरातला कामावर गेलेले. नंबर टाकल्याशिवाय पुढची खिडकी उघडत नव्हती. रेवाबाईने आपला नंबर टाकला. एकाचा टाकला, दुसऱ्याचा टाकला, मग अख्ख्या पाड्याचाच टाकला. कुणाचाही कागद उघडायचा झाला की टुणकन तिचाच फोन वाजायचा.

"उघडनारा आनि परवानगी देनारा एकच मानूस चालत नई, रेवाबाई," धर्मेंद्रने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "कुलूप बी तुम्हनाकडे, किल्ली बी तुम्हनाकडे. मंग कुलूप कसाले?"

रेवाबाईने मान हलवली होती. पन्नाशीची बाई, अंगाने वाळकी, चालायला काटक. घरी पावरी बोलायची, डोंगराखालच्या लोकांशी अहिराणी, आणि शाळेतली मराठी फक्त मीटिंगपुरती. तिने दोन दिवस घरं पालथी घातली आणि माणसं आणून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसवली. ज्यांच्या घरी फोन होता त्यांचा घेतला, ज्यांच्या घरी नव्हता त्यांच्या भावाचा, मेव्हण्याचा. ज्यांचा फोन गुजरातेत होता, त्यांना तिथे लावला. खात्या पावराचा फोन अकराव्या मजल्यावर सिमेंटच्या पाट्या उचलताना वाजला. त्याने कोड वाचून दाखवला, मग घाबऱ्या आवाजात विचारलं, घरी कोण आजारी आहे? कुणीच नाही म्हटल्यावर तो भयंकर चिडला. उगाच हातातलं काम सोडायला लावलं म्हणून त्याने पाच मिनिटं ऐकवलं.

असं करत एकशे बेचाळीस नावं हलली. आज तिसरा दिवस. चार वाजता नंदुरबारहून तपासणी होणार होती. कर्मचाऱ्याच्या नंबरावर एकही नाव राहिलं असतं, तर उंबरापाणीचा नंबर थेट दिवाळीनंतर लागला असता. आणि एक नाव राहिलं होतं.

"हाई शेवटलं नाव शे. हिना नंबर सांगा."

रेवाबाई स्क्रीनकडे न बघता म्हणाली, "तिना नंबर नई शे."

"घरमा कोनाना तरी व्हई."

"नवराना शे."

"मंग तोच सांगा ना."

रेवाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग सोडलं. हिंमतरावांनी घड्याळ पाहिलं आणि जरा आवाज चढवून म्हणाले, "वं रेवाबाई, दोन दिन व्हयनात साहेब आठे बसेल शे. आख्खा गाव व्हयना, एक नाव काबर आडकाडी ऱ्हायनी?"

तिने पदर पुन्हा बोटाला गुंडाळला. हिंमतराव आणखी बोलणार होते. पण अंतिम फॉर्मवर सरपंच दगूबाईंची सही राहिली होती आणि त्या शेतावर होत्या. शेवटी टोपी सारखी करून ते मोटारसायकलकडे गेले. गाडी ओढा ओलांडून चढाला लागल्याचा आवाज येईपर्यंत रेवाबाई दाराकडे बघत उभी होती. मग तिने खुर्ची ओढली. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

"साहेब, नवराना नंबर टाका तं त्याले मेसेज जाई ना?"

"जाई. कागद उघडला, नवी नोंद व्हयनी, का मेसेज जास. कोनती तारीख, काय इलाज, बठं."

"म्हनीसन नको."

ती हळूहळू बोलली. पोरीला सिकलसेल होता. मागल्या वर्षी बाळंतपणात मरता मरता वाचली, मूल गेलं. ज्या दवाखान्यात आधी नेलं तिथे तिला सिकलसेल आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सिकलसेलचं कार्ड घाईत घरी राहिलं होतं. ते कळून, गाडी मिळून, नंदुरबारला रक्त चढेपर्यंत पोरीचे डोळे पांढरे झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निदान तीन वर्षं पोट राहायला नको, राहिलं तर मी काही सांगू शकत नाही. तेव्हापासून पोरगी दर तीन महिन्यांनी उपकेंद्रात येऊन पोट न राहण्याची सुई घेत होती. नवऱ्याला माहीत नव्हतं.

"नवराले समजाडं नई का कोनी?"

"समजाडं. दोन डाव समजाडं. तो म्हनस, सुई लिधी का मूल कायमनं बंद व्हई जास. बडवानी, त्या भगतनी, सांगेल शे त्याले. तो सुरतकडे बांधकामवर शे, महिना-दोन महिनामा येस." ती थांबली. "मारत नई तो. तसा चांगला शे. पन समजनं तं सुई बंद करी, आनि मंग पोरगी जाई."

धर्मेंद्रने खुर्ची मागे रेलवली. नंबरची जागा कोरी ठेवता आली असती. पण कोऱ्या नंबरचा कागद जाळ्यात जात नाही, आणि ज्या माणसासाठी हे जाळं खरोखर कामाचं होतं असं त्याला तीन वर्षांत वाटलं, ते हेच. उद्या हिला पुन्हा गाडीत घालून न्यावं लागलं तर पलीकडच्या डॉक्टरला पहिल्या मिनिटाला कळायला हवं. आणि तिच्या नवऱ्याला कळायला नको. ही दोन्ही कामं एकाच खिडकीत कशी बसवायची हे त्याला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

"माहेरना कोनाना फोन?"

"नर्मदाना पल्याड शे माहेर. तठे रेंज नई."

"शेजारना?"

"शेजारले सांगनं म्हनजे बठा गावले सांगनं," रेवाबाई म्हणाली.

मग तिने आपला फोन टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे सरकवला. "मंगळवारना बजारमा तिना नावनं सिम लिधं. तिना अंगठा, तिना आधार. मन्हा फोनमा दोन सिमनी जागा शे. नंबर तिनाच व्हयना ना? मन्हा नई ना?"

धर्मेंद्रला हसू आलं आणि ते त्याने आवरलं. बाईने नियम त्याच्यापेक्षा बारकाईने वाचला होता. नंबर कर्मचाऱ्याचा नसावा, असं लिहिलं होतं. फोन कुणाचा असावा याबद्दल एक अक्षर नव्हतं. नंदुरबारची तपासणी यंत्रच करणार होतं, आणि यंत्राने हा नंबर बिनतक्रार पास केला असता.

पण मग तो तीन वर्षं गावोगाव काय सांगत फिरला? हिंमतरावांची भिंत कशाला घासली? त्याला स्वतःचाच राग आला.

"रेवाबाई, खरं सांगा," तो म्हणाला. "तुम्हनावर भरोसा नई असं नई. पन फोन तुम्हना, सिम तुम्हना फोनमा. म्हनजे पहिले व्हतं तसंच. सकाय तिनी सासूच तुम्हना दारमा उनी. म्हने, मन्ही सून काय लपाडी ऱ्हायनी, माले दखाडा. एकच गावन्या बाया, रोजनं तोंड देखनं. काय करशात?"

"सासू नई इचारनार."

"सासवा नई इचारतीस तं कोन इचारस?" तो जरा मोठ्याने म्हणाला. "बठा गावमा पहिले तिच इचारी!"

रेवाबाई काही बोलणार एवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. तिने स्क्रीनकडे पाहिलं, एक क्षण डोळे मिटले आणि फोन कानाला लावला.

ती पावरीत बोलत होती. एवढी पावरी धर्मेंद्रला आता समजत होती.

"हो रे, जेवले. तू जेवलास का? ... बरी आहे. गवताला गेली आहे." मग बराच वेळ पलीकडचा माणूसच बोलत राहिला. रेवाबाई नुसतं हूं हूं करत होती. "नाही. अजून काही नाही... लोक काय म्हणतात ते मला सांगू नको, मी लोकांतच राहते... दवाखान्यात? दाखवते की. तुझ्या बायकोला दर तीन महिन्यांनी मी स्वतः घेऊन जाते. नागा केला नाही एकदाही." ती थांबली. तिचा आवाज मऊ झाला. "देव देईल तेव्हा देईल, बाळा. होळीला ये. उन्हात उपाशी काम करू नको."

धर्मेंद्र स्क्रीनकडे बघत होता. शेवटच्या ओळीत नाव होतं, गायत्री ईश्वर पावरा. सकाळपासून ते त्याने दहा वेळा वाचलं होतं. रेवाबाईने फोन खाली ठेवला तेव्हा तिच्या स्क्रीनवर, कॉल संपल्याच्या खुणेवर, ईश्वर हे नाव थोडा वेळ राहिलं आणि मग विझलं.

बाहेर ओट्यावर कुणाची तरी कोंबडी शिरली होती, तिला हाकलायलाही कुणी उठलं नाही.

"माले बी नातू पायजे, साहेब," रेवाबाई म्हणाली. "एकच पोऱ्या शे मन्हा. त्याले खोटं सांगाले माले बरं वाटस का?" तिने पदराने नाक पुसलं. "पन त्या दिवशी गाडीमा तिनं डोकं मन्हा मांडीवर व्हतं. ईश्वर तठे नव्हता."

धर्मेंद्रने खुर्ची पुढे ओढली. "सांगा नंबर."

तिने एकेक आकडा सांगितला, त्याने टाकला, पुन्हा वाचून खात्री केली आणि बटण दाबलं. टेबलावरचा फोन टुणकन वाजला. कोड आला होता. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. हिंमतरावांच्या गाडीचा अजून पत्ता नव्हता.

"वाचा," तो म्हणाला.

रेवाबाईने फोन हातात घेतला, पण उघडला नाही. ती उठली, चपला पायात सरकवल्या.

"कथा चालन्यात?"

"कागद तिना शे ना?" ती म्हणाली. "तिले इचारीसन येस. हो म्हननी तं आकडा सांगसू."

"आते? गवत कापी ऱ्हायनी ना ती?"

"ओढाना तथाच शे. हाई उनू."

ती ओटा उतरून झपाझपा निघालीही. ओढ्यापर्यंत जायला सात मिनिटं, यायला सात. धर्मेंद्र दारात येऊन उभा राहिला. कोड पाच मिनिटांत बाद होतो हे तिला हाक मारून सांगावं असं त्याला वाटलं, पण त्याने सांगितलं नाही. ती परतल्यावर दुसरा पाठवता येणार होता.