हॅलोमावशींची खोली

घर दोनच खोल्यांचं. बाहेरची खोली लांबट, तिच्याच एका टोकाला ओटा आणि दुसऱ्या टोकाला दार. आतली खोली चौकोनी, मोठ्या खिडकीची, दुपारभर उन्हाची. घर घेतलं तेव्हा मुंगी पोटात होती, आणि आतली खोली बाळाची हे न बोलताच ठरलं होतं.

कर्ज वीस वर्षांचं. पहिलं वर्ष सरल्यावर बँकेचं पत्रक आलं, ते मुंगीच्या आईनं बाळाला मांडीवर घेऊन ओळ न् ओळ वाचलं. वर्षभर भरलेल्या हप्त्यांतलं बहुतेक सगळं व्याजानं गिळलं होतं. मुद्दल जागचं हललंही नव्हतं.

"वर्षभर आपण भोक पडलेली बादली भरतोय," ती नवऱ्याला म्हणाली.

"सगळ्यांच्याच बादलीला असतं गं भोक. भरेल हळूहळू."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मध्येच अडकलेल्या माणसांना 'घाबरू नका, येतोय' असं वरून ओरडून सांगायची त्याची रोजची सवय, त्यामुळे घरीही तो त्याच सुरात बोलायचा. पण हिला त्या सुरानं धीर येत नसे. लहानपणी हिनं सात भाड्याची घरं बदलली होती. दर वेळी घरमालक दारात यायचा, चपला न काढता उंबऱ्यावरच उभा राहायचा आणि फार सभ्यपणे म्हणायचा, "महिनाअखेर खोली रिकामी कराल का?" मग आई वर्तमानपत्रात ताटल्या गुंडाळायला बसायची. चौथ्या घरी हिची एक मैत्रीण होती. सातव्या घरी पोचेपर्यंत हिनं मैत्रिणी करणंच सोडून दिलं होतं.

आपल्या लेकीला हे वाक्य कुणी ऐकवता कामा नये, एवढंच तिला हवं होतं. म्हणून मुंगी दोन वर्षांची असताना तिनं आतली खोली भाड्यानं दिली. भाड्याला हात लावायचा नाही, ते सरळ मुद्दलात. ती स्वतः सकाळी एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची, मग तिथूनच परस्पर संध्याकाळपर्यंत दुसऱ्या लॅबमध्ये. नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशीच्या तक्रारीही अंगावर घेतल्या. तिघं बाहेरच्या खोलीत झोपायची. मुंगीचा छोटा पलंग मधल्या भिंतीला लावलेला.

आणि भिंतीपलीकडे हॅलोमावशी.

त्यांचं हे नाव मुंगीनंच ठेवलेलं. मावशींची अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्यात गेली होती. आता सत्तरीला आल्या होत्या, पण दार वाजलं की अजून म्हणायच्या, "नमस्कार, कुठे बोलायचंय?" मुंगीच्या बाबाला त्या 'लिफ्टमन' म्हणत आणि म्हणत, "तुम्ही माणसं वर-खाली पाठवता, आम्ही नुसता आवाज पाठवायचो. आमचं काम हलकं."

मुंगी शाळेतून यायची तेव्हा घरात फक्त मावशी असायच्या. दुपारी मुंगी पलंगावर बसून भिंतीवर ठरावीक टकटक करायची. तो तिचा नंबर. पलीकडूनही तशीच टकटक व्हायची, मग आवाज यायचा, "हॅलो, एक्स्चेंज."

"मला चंद्रावर बोलायचंय."

"चंद्राची लाइन व्यस्त आहे. मंगळ चालेल का?"

"मंगळावर माझं कुणी नाही."

"मग गणिताचा अभ्यास झाल्यावर पुन्हा प्रयत्न करा."

थोडा वेळ गेला की मावशी, पूर्वी ट्रंक कॉलवर विचारायच्या तसं, करड्या आवाजात विचारायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" आणि मुंगी पलंगावर उड्या मारत ओरडायची, "वाढवा! वाढवा!"

आईच्या कानावर हे पडायचं ते फक्त रविवारी, तेही अर्धवट. त्या वेळी ती टेबलाशी बसून कर्ज किती उरलं ते पाहत असायची. एकदा मुंगी तिच्या कोपराशी येऊन उभी राहिली होती. "आई, तुला माझा नंबर सांगू? कुणालाच माहीत नाही. फक्त मावशीला."

"फिटलं की सांग हं, राजा. आत्ता डोकं जागेवर नाही."

फिटलं की. या दोन शब्दांवर तिनं बरंच काही टांगून ठेवलं होतं. नवरा म्हणायचा, "चार दिवस समुद्रावर जाऊन येऊ," तर ती म्हणायची, "समुद्र कुठे पळून चाललाय? फिटलं की जाऊ." तो म्हणायचा, "अगं, जरा जगूया की," तर, "फिटलं की जगूच." शेवटी तो विचारेनासाच झाला. ती मात्र मनातल्या मनात लेकीची खोली लावत राहायची. खिडकीशी टेबल, पिवळ्या भिंती, आणि विचारल्याशिवाय कुणी आत येणार नाही असं दार.

वीस वर्षांचं कर्ज नवव्या वर्षातच संपणार हे नक्की झालं, त्या दिवशी ती लॅबमधून आली ती सरळ आतल्या खोलीपाशी गेली.

"या, कुठे बोलायचंय?" मावशी बटण लावत होत्या. मुंगीच्या गणवेशाचं बटण होतं ते. हिनं पाहिलं, पण त्या घाईत मनावर घेतलं नाही.

"मावशी, कर्ज फिटतंय. तर पुढच्या महिन्यात... म्हणजे घाई नाही, पण पुढच्या महिन्याच्या अखेरीस खोली रिकामी कराल का?"

बोलून झालं आणि तिला आपले पाय दिसले. ती उंबऱ्यावर उभी होती. चपला पायातच होत्या.

मावशींनी दोरा दातानं तोडला. "पुढच्या महिनाअखेर. बरं. मुंगीला सांगितलंत?"

"नाही. तिला सरप्राइज द्यायचंय. खोली तिचीच आहे ना."

"अच्छा," मावशी म्हणाल्या, आणि गणवेशाची घडी घालून तो तिच्या हातात दिला.

बँकेत घराचे मूळ कागद परत मिळाले. तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या, "अभिनंदन हं. इतक्या लवकर फार थोडे फेडतात." तिनं प्रत्येक पान मोजून घेतलं, सही दोनदा तपासली. नवरा कौतुकानं म्हणाला, "झालं ना? आता तरी श्वास घे." तिनं घेतला. बरंही वाटलं. खोटं कशाला बोला, त्या दिवशी जीव खरंच भांड्यात पडला होता.

तीन दिवसांनी टेम्पो आला. मुंगी शाळेतून यायच्या आत सामान जावं, रडारड नको, असा तिचा बेत होता. पण शेवटची खुर्ची चढवून झाली तरी मावशी टेम्पोत बसेनात. फाटकाशी हातात पर्स धरून उभ्या राहिल्या. टेम्पोवाला घड्याळ बघत होता आणि मावशी रस्त्याचं वळण.

मुंगी आली. तिनं टेम्पोत मावशींचा पलंग उभा बांधलेला पाहिला.

"मावशी कुठे चालली?"

"भाचीकडे," मावशी म्हणाल्या.

"अगं, ऐक तरी," आईनं पटकन हसून सांगितलं. "घर आपलं झालं! आतली खोली आता तुझी. एकटीची!"

मुंगीनं आईकडे पाहिलं, मग मावशींकडे. "घर आपलं झालं तर मावशी का जाणार?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते आठ वर्षांच्या पोरीला सांगावं असं नव्हतं. आईनं इकडेतिकडे पाहिलं. आणि मग, नऊ वर्षांत एकदाही तिनं केलं नव्हतं ते केलं: न मोजता बोलली.

"मावशी, राहा तुम्ही. भाडं नको. खरंच. उतरवूया सामान."

"ताई, चढवायचं की उतरवायचं?" टेम्पोवाला वैतागला. "काय ते एकदाच ठरवा, माझी पाठ काही सरकारी नाही."

मावशी हसल्या. हसताना त्यांनी आईच्या दंडावर हात ठेवला. "दोन महिन्यांपूर्वी म्हणाली असतीस तर मी लोचटासारखी राहिले असते बघ. आता भाचीनं तिची खोली अर्धी करून पडदा लावलाय माझ्यासाठी. ती वाट बघतेय. जोडलेली लाइन मध्येच तोडायची नसते गं."

मावशींनी पर्समधून एक काडेपेटी काढून आईला दिली. आत कापसावर चार दात होते. दुधाचे.

"तारखा खाली लिहिल्यात. तू विचारशील तेव्हा देईन म्हणून ठेवले होते."

टेम्पो सुरू झाला. मावशींनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि त्या करड्या आवाजात म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली."

"वाढवा ना, मावशी," मुंगी म्हणाली. ओरडून नाही, अगदी हळू, मोठ्या माणसासारखं.

खोलीला पिवळा रंग लागला. आईनं स्वतः उभं राहून भिंत घासून घेतली, खड्डे बुजवून घेतले. खिडकीशी टेबल आलं, पलंग आला. मुंगीनं सगळं पाहून "छान आहे" म्हटलं आणि ती बाहेरच्या खोलीत आपल्या जुन्या पलंगावर जाऊन बसली. पहिल्या दिवशीही, आठव्या दिवशीही.

"येईल हळूहळू. घाबरू नकोस," नवरा म्हणाला. या वेळी त्याच्याही आवाजात नेहमीचा भरवसा नव्हता. समुद्रावर जायचं विचारलं तेव्हा मुंगी म्हणाली होती, "तुम्ही दोघं जा, मला शाळा आहे." सुट्टी होती.

आईनं संध्याकाळची लॅब सोडली. आता ती दुपारीच घरी असायची, आणि घरात तिला करण्यासारखं फारसं काही नसायचं. मुंगी येऊन स्वतः दप्तर जागेवर ठेवायची, स्वतः वाढून घ्यायची, वाटी घासून पालथी घालायची. हे सगळं तिला कुणी शिकवलं, ते विचारायची गरज नव्हती.

एका दुपारी आई आतल्या खोलीत मधल्या भिंतीपाशी खाली बसली. पलीकडे पलंग करकरला. मुंगी तिथेच होती. मावशी जिथे बोटांनी वाजवायच्या तिथे भिंतीला एक गुळगुळीत खळगा पडला होता, हे तिला आठवत होतं. ती हातानं चाचपडत राहिली. भिंत सगळीकडे सारखी होती. खड्डे बुजवा म्हणून तिनंच रंगाऱ्याला बजावलं होतं.

तिनं अंदाजानं वाजवलं. दोनदा, मग एकदा.

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. एवढंच.

एकदा, मग तीनदा. रोज चाळीस अनोळखी माणसांची शीर तिला बोटानं अचूक सापडायची. इथे तेच बोट कोरड्या भिंतीवर उगाच वाजत होतं.

तीनदा. थांबून दोनदा.

"राँग नंबर," पलीकडून मुंगी म्हणाली. रागानं नाही, अगदी सौजन्यानं. जसं एखाद्या परक्याला सांगतात तसं.

"मग बरोबर कुठला आहे, बाळा? सांग ना. आता सांग."

खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर आलं. मावशी या वेळी खुर्ची थोडी मागे घ्यायच्या, डोळ्यांवर येतं म्हणून.

"तो बंद झाला," मुंगी म्हणाली.

आईनं कपाळ भिंतीला टेकलं. रंगाचा वास अजून गेला नव्हता. घर आता त्यांचं होतं, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी.