डाव्या बाजूचे दिवे

जिममध्ये सहा बॅगा होत्या, त्यांतल्या दोन चिकटपट्टीने गुंडाळलेल्या. आठ बाजूंचा एक पिंजरा, एका बाजूची जाळी फाटलेली. खिडक्या तीन, उघडणारी एक. माणसं तीन: मी, भिंगरी आणि तिचे मामा, म्हणजेच तिचे प्रशिक्षक.

मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे सामने भरवणाऱ्या एका कंपनीसाठी मी नव्या खेळाडूंची पाहणी करते. लढतीच्या दहा दिवस आधी जिममध्ये जायचं. हाताची लांबी, दम, प्रतिसादाचा वेळ मोजायचा आणि तक्ता पाठवायचा. करार कोणाला द्यायचा ते कंपनी त्यावरून ठरवते. भौतिकशास्त्र शिकून पोरगी ठोसे मोजते, हे माझ्या आईच्या अजून पचनी पडलेलं नाही.

"या शास्त्रज्ञबाई," मामा म्हणाले. "आज कोणाची सालं काढणार?"

"तुमच्या भाचीची."

"काढा की. जाड आहेत. आमच्या ताईवर गेलीय."

भिंगरी हसली नाही. लहानपणी एका जागी थांबायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता ती तेवीस वर्षांची होती. सहा लढती, सहा विजय. सातवी पार पडली आणि तक्ता चांगला गेला, तर तीन वर्षांचा करार नक्की होता.

प्रतिसाद मोजायला माझ्याकडे एक रुंद फळी आहे. डावीकडे बारा दिवे, उजवीकडे बारा. नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची आणि लागेल तो दिवा हात मारून विझवायचा. एका सेकंदात विझवला नाही तर तो आपोआप जातो. सगळ्या जिममध्ये दिवे एकाच क्रमाने लागतात, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. ही कल्पना माझीच.

उजवीकडची सरासरी २३८ मिलिसेकंद आली. डावीकडची १३१. मी खूश झाले आणि मग एकेक नोंद उघडून पाहिली. डावीकडचे चार दिवे तिने वीस ते चाळीस मिलिसेकंदांत विझवले होते. उजेड दिसून हात हलायला कोणालाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे ते दिवे तिने पाहिलेच नव्हते. क्रम तिला पाठ होता. उजवीकडे मात्र त्याची गरज पडत नव्हती.

मामा वजनकाटा आणायला आत गेले. मी तिच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि हात पुढे केला.

"समोर बघ. किती बोटं?"

ती मान वळवायला लागली.

"न वळवता."

तिने मान परत समोर आणली आणि नजर खाली घातली.

"कधीपासून?"

"मागच्या लढतीनंतर. आधी काळे ठिपके तरंगायचे. आता कडेने पडदा ओढल्यासारखं वाटतं."

"डॉक्टर?"

"डॉक्टर काय म्हणेल ते माहितीये, ताई. म्हणून तर गेले नाही."

"डावीकडून ठोसा आला तर?"

"मामा ओरडतो ना. 'डावा' म्हणाला की मी वाकते."

"तिथे दोन हजार माणसं ओरडत असतील."

तिने हाताची पट्टी सोडली आणि परत तशीच गुंडाळली. "ही एकच लढत. मग दाखवते डोळा. शप्पथ. मामाला कळू देऊ नका."

मामा काटा घेऊन आले. "काय, पास की नापास?"

"मामा, डावीकडचे आकडे जरा जास्तच चांगले आहेत."

त्यांचे कान लाल झाले आणि ते खो-खो हसायला लागले. "धरलंत ना! मागच्या खेपेला तुम्ही दुसऱ्या मुलीची चाचणी घेत होतात, तेव्हा मी मोबाइलवर शूट केलं. महिनाभर घोकून घेतलंय. जुन्या प्रश्नपत्रिका कोण सोडवत नाही?" मग ते जरा ओशाळले. "पण तिला गरज नाही हो त्याची. वाट्टेल त्या क्रमाने घ्या."

"राहू दे ना मामा," भिंगरी म्हणाली. "दमलेय मी."

"दमतेस कसली! उभी राहा."

तिने माझ्याकडे पाहिलं. बॅटरी संपली, असं म्हणता आलं असतं. फळीच्या मागे क्रम बदलायचं बटण आहे. ते मी दाबलं.

सुरुवातीला मामा टाळ्या वाजवत होते. डावीकडचा तिसरा दिवा आपोआप विझला तेव्हा टाळ्या थांबल्या. ते हळूच तिच्या डाव्या खांद्यापाशी जाऊन उभे राहिले, अगदी हातभर अंतरावर, आणि त्यांनी हात हलवला. तिची पापणीही लवली नाही.

आमचा नियम असा, की आकडे प्रशिक्षकाने मोठ्याने वाचायचे आणि मी लिहायचे. नंतर वाद नको. मामांनी पडद्यावर वाकून वाचलं, "उजवीकडे बारापैकी बारा. सरासरी दोनशे एकेचाळीस."

मी लिहिलं.

"डावीकडे..." त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. भिंगरी जमिनीवर बसली होती. मी पेन कागदावर टेकवून थांबले.

"डावीकडे बारापैकी दोन," ते म्हणाले. "सरासरी आठशे सहा."