माझ्या पोटातलं सीपी

मी निळा ड्रम बोलतोय. चिंचोटीहून कामणला जाणाऱ्या रस्त्यावर वायरीचा एक कारखाना आहे, त्याच्या मागच्या भिंतीला टेकून उभा आहे. माणसांविषयी माझं मत चांगलं नाही. का नाही, तेवढं सांगतो.

माझा जन्म साच्यातला. पहिल्यांदा माझ्यात काय भरलं होतं, कोण जाणे. ते संपलं तेव्हा लेबल खरवडून दुसरं लावलं, मग त्यावर तिसरं. तिसऱ्यावर छापलं होतं, ‘क्लोरिनेटेड पॅराफिन, ५२ टक्के’. हे मधासारखं दाट तेल. वायरीवरचं प्लॅस्टिक मऊ राहावं आणि चटकन पेटू नये म्हणून त्यात मिसळतात. धंद्यातले लोक त्याला नुसतं सीपी म्हणतात. माझ्यातलं सीपी कुचकामी होतं. हे भरणाऱ्याला माहीत होतं आणि मला. घेणाऱ्याला तपासल्याशिवाय कळणार नव्हतं.

हर्षवर्धनने तपासलं नाही.

हा या कारखान्याचा खरेदी अधिकारी. राहायला बोळिंजला, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, कानाला सतत फोन. व्यापाऱ्याच्या गोदामात आला, कलिंगडाला मारतात तशी माझ्या पोटावर थाप मारली आणि आत डोकावला.

“रंग तर चांगलाय. टेस्ट रिपोर्ट?”

“तुम्हाला पाहिजे तसा देतो ना साहेब,” व्यापारी म्हणाला.

एवढं ऐकून शहाणा माणूस आल्या पावली परतला असता. हर्षवर्धन हसला. स्वस्तात माल आणला म्हणून मालकीणबाईंकडून शाबासकी घ्यायची होती त्याला. आम्ही आठ ड्रम टेम्पोत चढलो.

कारखान्यातली लॅब कॅथरिन सांभाळते. सांडोरची बाई, पन्नाशीची, बोलायला फटकळ. तिने नमुना तपासल्याशिवाय ड्रम उघडायचा नाही, असा नियम. नेमकी ती त्या दिवशी चर्चमध्ये भाचीच्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्यासाठी रजेवर. हर्षवर्धनने तिला फोन लावला.

“माल आलाय मॅडम. लाईनला घेऊ?”

“उद्या येते मी. तोवर हात लावू नका,” ती म्हणाली.

“हो हो, अजिबात नाही,” असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि माझं झाकण उघडायला लावलं.

मशीनवर डॉमनिक होता. पाचूबंदरचा. घरचे सगळे मासेमारीला, हा एकटाच कारखान्यात. दुपारपर्यंत मी जवळजवळ रिकामा झालो आणि मशीनच्या तोंडातून पांढरा, झोंबरा धूर यायला लागला. वायर तपकिरी पडली, तिच्यावर फोड आले. डॉमनिकने मशीन बंद केलं, पण तोवर धूर छातीत गेला होता. खोकत खोकत तो दाराशी जाऊन बसला. डोळे लालभडक. हर्षवर्धन धावत आला आणि थेट वायरीपाशी जाऊन उभा राहिला. डॉमनिककडे त्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आल्या, सुरुची मॅडम. हर्षवर्धनने उत्तर तयारच ठेवलं होतं.

“यानेच मशीन जास्त तापवलं, मॅडम.”

“नाय मॅडम, रोजच्याएवढाच ठेवलेला,” डॉमनिक म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. “मीटर बघा ना.”

“मीटर बघून वायर परत येणारेय का?” मॅडम म्हणाल्या. “ पंधरा दिवस बस घरी. पगार मिळणार नाही.”

तेवढ्यात कॅथरिन पुढे झाली. “मॅडम, मला चार तास द्या. मग कोणाला घरी बसवायचं ते ठरवा.”

तिने दोन वाट्या घेतल्या. एकीत जुन्या मालाचं सीपी, दुसरीत माझ्या तळाशी उरलेलं. दोन्ही एकाच भट्टीत, पावणेदोनशे अंशांवर ठेवल्या. चार तासांनी मॅडमसमोर बाहेर काढल्या. जुनं सीपी जरासं पिवळसर झालं होतं. माझं कोऱ्या चहासारखं काळं. त्यावर धरलेला निळा लिटमस कागद बघता बघता लाल झाला.

“तापल्यावर यातून सुटलेलं आम्लच गेलं डॉमनिकच्या छातीत,” कॅथरिन म्हणाली.

डॉमनिकची नोकरी वाचली. न उघडलेले सात ड्रम परत गेले. हर्षवर्धन म्हणाला, “व्यापाऱ्याने फसवलं हो,” आणि मॅडमनी उलट त्याचीच समजूत घातली. डॉमनिकची माफी मागायचं कोणाच्या मनातही आलं नाही. हां, त्याला बक्षीस मात्र मिळालं. मी!

“तो रिकामा ड्रम घेऊन जा घरी, डॉमनिक,” मॅडम जाता जाता म्हणाल्या. “पाणी भरायला होईल.”

आणि तो खूश झाला. मला त्याची कीव आली आणि रागही. “आमच्याकडं पानी दोन दिवसाआड येते. बरा झाला,” असं म्हणत तो मला साबणाने घासायला बसला.

कॅथरिनने खिडकीतून पाहिलं. ती ड्रिल घेऊन आली, मला आडवा पाडला आणि तळाला पाच भोकं पाडली.

“ए बाय, काय केलंस! चांगला ड्रम फुकट घालवलास!” डॉमनिक ओरडला.

“चांगला? तेच तेल मुरलंय याच्या अंगात. साबणाने जायचं नाही ते. पोरांना पाजणारेस?”

डॉमनिकने हातातला साबण खाली ठेवला. “मग मॅडमनी दिला कशाला?”

“त्यांना त्यांच्या घरात ठेवायचा नव्हता म्हणून,” कॅथरिन म्हणाली.

सोमवारी भंगारवाला मला कापून नेणार आहे. माझी तक्रार नाही. जाताना एवढंच सांगतो: माझ्या जातीचे पुष्कळ ड्रम धुऊनपुसून वसईपासून विरारपर्यंत विकायला उभे आहेत. घ्यायला जाल तेव्हा आमच्या पोटात आधी काय होतं ते विचारा. विकणारा ‘काही नव्हतं’ म्हणेल. तिथूनच माघारी फिरा आणि पोरांसाठी कोरी बादली घ्या.