एका माणसाएवढी आखूड

मित्रांनो, मी आगीच्या बंबखान्यातली एक जुनी लाकडी शिडी आहे. माझे तीन भाग आहेत आणि ते एकमेकांत सरकतात. दोर ओढला की मी उंच होते, दोर सोडला की मिटते. आता माझा दोर कुजला आहे आणि डाव्या दांड्याला लांबच लांब चीर गेली आहे. मी पुन्हा कधी उभी राहीन असे वाटत नाही. म्हणून माझी हकिगत आडवी पडूनच सांगते.

मला दोन सुतार भावांनी घडवले. थोरला भाऊ लाकूड निवडताना फार चिकित्सा करायचा. एकेका फळीवर टिचकी मारून तो कान लावून ऐकत बसे. धाकटा वैतागून म्हणायचा, "दादा, शिडी करायचीय, तबला नाही." पण माझ्या दांड्यांत एक गाठ राहू दिली नाही त्याने.

"उंची किती ठेवू?" असे थोरल्याने बंबखान्याच्या प्रमुखांना विचारले, तेव्हा प्रमुखांनी त्याला रस्त्यावर नेले आणि छत्र्यांच्या कारखान्याकडे बोट दाखवले. तेव्हा गावात त्याहून उंच इमारत नव्हती. "त्याच्या वरच्या खिडकीला लागली पाहिजे. वर हातभर जास्तच ठेवा," प्रमुख म्हणाले. सुतारांनी तसेच केले. मी जन्मले तेव्हा गावातल्या कोणत्याही खिडकीला पुरून उरत होते. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढे काय झाले ते यावाचून कळणार नाही.

मी माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नाही, पायांवरून ओळखते. कोण घाबरलेला आहे, कोण उगीच शूरपणा दाखवतो आहे, सगळे तळव्यांतून कळते. बंबखान्यात सर्वांत उंच असा एक गडी होता. मान लांब, चाल डुलत डुलत, म्हणून सगळे त्याला उंट म्हणायचे. त्याचे पाय मात्र मांजराचे होते. तो चढायला लागला की पायऱ्यांना आधी कळतच नसे. दर आठवड्याला तो माझ्या चाकांना आणि कप्प्यांना तेल द्यायचा आणि प्रत्येक पायरी मुठीत धरून हलवून बघायचा.

त्याची बायको त्याच छत्र्यांच्या कारखान्यात कामाला होती. छत्रीच्या काड्यांवर कापड ताणून शिवायचे, हे तिचे काम. त्यांची एक लहान मुलगी होती, चिमी. ती दुपारी आत्याचा हात धरून बापाचा डबा घेऊन यायची आणि मी आडवी ठेवलेली असले की माझ्या पायऱ्यांतून लंगडी घालायची. उंट खोटे खोटे रागवायचा, "अगं ए, सरकारी माल आहे तो!"

मग कारखान्याच्या मालकाने वर आणखी एक मजला चढवला. छत्र्यांना मागणी होती, जागा पुरत नव्हती. शिवणाऱ्या सगळ्या बायका त्या नव्या मजल्यावर गेल्या. जिना मात्र जुना तो एकच, आणि त्या जिन्याखाली छत्र्यांच्या दांड्यांना लावायच्या रोगणाची कोठी.

बंबखान्याचे प्रमुख नगरपालिकेत गेले. परत आले तेव्हा त्यांनी टोपी टेबलावर आदळली. "काय म्हणाले?" उंटाने विचारले.

"म्हणाले, आहे ती शिडी मोडली आहे का? मोडली नाही ना? मग नवी कशाला? रंग द्या म्हणाले."

त्या वर्षी बागेत बँड वाजवायला एक देखणा चौथरा बांधला गेला आणि मला लाल रंग मिळाला. रंगाने मी उठून दिसू लागले. उंची होती तेवढीच राहिली.

आग लागली ती भर दुपारी. रोगणाच्या कोठीत ठिणगी कशी पडली ते शेवटपर्यंत कळले नाही. जिना चुलीच्या धुराड्यासारखा पेटला. आम्ही पोहोचलो तेव्हा वरच्या मजल्याच्या खिडक्यांत बायका दाटल्या होत्या. मला भिंतीला लावले. दोर ओढला. मी सरसर वर गेले, पहिला भाग, दुसरा, तिसरा. आणि थांबले. दोर आणखी ओढला गेला, पण माझ्यात आणखी काही नव्हतेच. माझे टोक आणि खिडकीचा उंबरठा यांच्यात एक अख्खा माणूस मावेल एवढे अंतर राहिले.

तिथे माणूसच उभा राहिला. उंट वर चढला, माझ्या शेवटच्या पायरीवर उभा राहिला, दोन्ही तळहात भिंतीला टेकले आणि ओरडला, "माझ्या खांद्यावर सोड एकेकीला!" त्याच्या खाली दोघांनी त्याच्या पोटऱ्या घट्ट धरल्या. वर खिडकीत चिमीची आई होती. ती एकेकीला मनगटाला धरून खाली सोडत होती. बाईचे पाय उंटाच्या खांद्यावर टेकत, मग ती त्याच्या पाठीवरून घसरत माझ्यावर येई. कुणाचे पाय लटपटत होते, कुणाचे भाजलेले होते. ते सगळे पाय मला अजून आठवतात.

पलीकडच्या खिडकीत एका पोरीला धीर निघाला नाही. तिने छत्री उघडली आणि उडी घेतली. छत्री माणसाला तोलते असे तिला कुणीतरी लहानपणी सांगितले असेल.

"आता तू ये!" उंट ओरडला.

"थांबा, अजून दोघी आहेत," वरून चिमीची आई म्हणाली. तिचा आवाज घरात बोलावे तसा साधा होता. त्या दोघींपैकी एक खाली आली. दुसरीचे पाय खिडकीबाहेर येतच होते, तेवढ्यात आत मोठा आवाज झाला. छताची लाकडी तक्तपोशी कोसळली होती. पाय पुन्हा आत गेले आणि मग त्या खिडकीत कुणीच आले नाही.

उंट हात वर करून तसाच उभा राहिला. भिंत तापली होती, त्याच्या तळहातांची कातडी भिंतीला चिकटली होती, तरी तो हलेना. शेवटी त्याला ओढून खाली आणावे लागले. उतरताना त्याचे पाय मला ओळखू आले नाहीत.

पुढे बागेतल्या त्या चौथऱ्यावर आमचा सत्कार झाला. मला फीत बांधली, उंटाला पदक दिले. नगराध्यक्ष भाषणात म्हणाले, "ही शिडी शिखरापर्यंत पोहोचली आणि तिने गावाच्या लेकीबाळींना सुखरूप खाली आणले!" टाळ्या पडल्या. उंट मध्येच उठून चौथऱ्यावरून उतरला. लोकांनी समजून घेतले, दुःखात आहे बिचारा. पण शिडी पोहोचली नव्हती, असे त्या गर्दीत कुणीच म्हणाले नाही. ज्यांना ठाऊक होते ते भाजलेले होते, किंवा नोकरीत होते.

वर्षभरात लांब शिडी आली. वरातीमागून घोडे! मला मागच्या पडवीत आकड्यांवर टांगले. उंटाने पुन्हा कधी शिडीवर पाय ठेवला नाही. त्याला पाण्याच्या नळ्या धुवायचे काम दिले. दुपारी तो माझ्याखाली येऊन बसायचा. पायऱ्या हलवून बघायची सवय सुटली नव्हती, हात आपोआप वर जायचा. बोलायचा मात्र नाही. छातीत धूर गेला होता, खोकला जडला होता. चिमी शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना तो वारला.

त्यानंतर माझ्याकडे कुणी फिरकले नाही. कबुतरांनी मला पांढरे करून टाकले. एकदा मांडव घालायला नेले, एकदा भिंत रंगवायला. पुष्कळ वर्षे गेली.

मग एके वर्षी गावात इतिहास महोत्सव भरवायचे ठरले. वाचनालयाच्या सभागृहात व्याख्याने, जुन्या गल्ल्यांतून फेरफटका, मुलांसाठी कार्यशाळा. संग्रहालयाचे व्यवस्थापक मोठे हौशी गृहस्थ. त्यांनी मला पडवीतून शोधून काढले, पुसले आणि सभागृहात दोन लाकडी घोड्यांवर आडवे ठेवले. इतक्या वर्षांनी माझ्यावर प्रकाश पडला होता. माझ्यापुढे पाटी होती, ‘शिखरापर्यंत पोहोचलेली शिडी’. शेजारच्या टेबलावर मुले कागदाच्या रंगीत छत्र्या करायला शिकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हाताऱ्या बाई आल्या. पाटीसमोर उभ्या राहिल्या, चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचली. व्यवस्थापक लगबगीने आले.

"बाई! तुम्ही? अहो, खुर्ची आणा कुणीतरी. बाईंनी मला गणित शिकवलंय!"

"खुर्ची राहू दे," बाई म्हणाल्या. "हे कोणी लिहिलं?"

"मीच, बाई. सत्काराच्या भाषणात तसंच आहे."

"उत्तर चुकलंय तुझं."

व्यवस्थापक हसले, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या शेवटच्या पायरीवर हात ठेवला. मी त्या हाताला ओळखले नाही. पायरी मुठीत धरून त्यांनी ती हलवून बघितली, तेव्हा ओळखले. ती चिमी होती.

"इथे माझे बाबा उभे होते," त्या म्हणाल्या. "आई वरून त्यांच्या खांद्यावर माणसं सोडत होती. तू लिहितोस शिडी पोहोचली. मग माझे बाबा तिथे काय करत होते रे?"

व्यवस्थापकांनी पाटी पुन्हा वाचली. मग हळू म्हणाले, "बाई, मला खरंच माहीत नव्हतं. पण सुट्टीच्या दिवशी लोक मुलाबाळांना घेऊन येतात. त्यांना हे कसं सांगायचं? शिवाय फेरफटका संपतो त्याच इमारतीच्या अंगणात. आता तिथे हॉटेल आहे. त्यांनी अंगण फुकट दिलंय."

"मी भाषण करणार नाही. तू फक्त शिडी त्या भिंतीला लाव."

"मोडेल हो, बाई."

"कोणी चढणार नाहीये. नुसती उभी कर. बघणाऱ्यांना डोळे आहेत."

संध्याकाळी फेरफटक्याची मंडळी अंगणात जमली. हल्लीच्या बंबखान्याचे जवान आणि त्यांचे अधिकारी मदतीला आले. मला त्याच भिंतीला लावले. भिंतीला आता पिवळा रंग होता आणि खिडक्यांत फुलांच्या कुंड्या होत्या. लोक फोन वर धरून सरसावले. जवानांनी कुजत आलेला दोर जपून ओढला. माझे सांधे करकरले. पहिला भाग, दुसरा, तिसरा. त्याच वेळी डावा दांडा कडाडला, पण मी पडले नाही.

"अहो, ओढा की अजून!" गर्दीतून एक जण म्हणाला. "पूर्ण वर जाऊ द्या, फोटोत येत नाहीये."

दोर धरलेला जवान म्हणाला, "संपली. एवढीच आहे."

मग सगळ्यांच्या नजरा माझ्या टोकापासून खिडकीपर्यंत गेल्या आणि मधल्या मोकळ्या भिंतीवर थांबल्या. फोन खाली आले. बाईंनी मोजक्या वाक्यांत सांगितले, मधे कोण उभे होते आणि वर कोण राहिले. आईला त्या ‘आई’ म्हणाल्या, ‘वीरांगना’ नाही.

गर्दीत एक बाई होती, कडेवर मूल होते. ती अधिकाऱ्यांना म्हणाली, "साहेब, तुमची आत्ताची शिडी कितव्या मजल्यापर्यंत जाते?"

अधिकाऱ्यांनी टोपी नीट केली. "सातव्या."

"आम्ही अकराव्यावर राहतो. नदीपलीकडे."

"मोठ्या शिडीची मागणी केलेली आहे, ताई."

"तेव्हाही केली होती," चिमी म्हणाली.

मित्रांनो, त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक पांगले ते माना वर करून, नदीपलीकडच्या इमारतींकडे बघत.

पुढे सगळे छान झाले असे मी सांगणार नाही. हॉटेलवाल्यांनी पुढच्या वर्षी अंगण दिले नाही. व्यवस्थापकांनी पाटी बदलली आणि त्यासाठी चार जणांची बोलणी खाल्ली. कडेवर मूल असलेली ती बाई शेजाऱ्यांना घेऊन नगरपालिकेत तीनचारदा जाऊन आली. मोठी शिडी अजून आलेली नाही. त्यांच्या इमारतीत एवढेच झाले, की बंद करून ठेवलेला मागचा जिना उघडला आणि त्यात रचलेले सामान हलवले. चिमी त्या हिवाळ्यात गेली. मी आता संग्रहालयात भिंतीशी आडवी पडून असते, चीर रोज थोडी वाढते.

माझी काळजी घ्या असे मी म्हणत नाही. माझे काम संपले आहे आणि रंग तर मुळीच देऊ नका. पण आज घरी गेलात की एक करा. तुमच्या इमारतीचा जिना वरपासून खालपर्यंत उतरून बघा. मधे कुणाची सायकल असेल, कुणाचे मोडके कपाट असेल, खालच्या दाराला कुलूप असेल. मोठ्यांना हाक मारा आणि म्हणा, हे आजच हलवा. ते उद्या म्हणतील. तुम्ही तिथेच उभे राहा.