पोटातलं पाणी

अहो, हात लावू नका, भाजेल!... माफ करा, सवयीनं बोलून गेलो. आता मी कुणाला भाजत नाही. गॅरेजच्या भिंतीला टेकून उभा असतो, थंडगार. मी एका जुन्या मोटारीचा रेडिएटर बोलतोय.

एखाद्या थंड स्वभावाच्या माणसाबद्दल तुम्ही म्हणता ना, की याच्या पोटातलं पाणी हलत नाही? माझं बरोबर उलटं. माझ्या पोटातलं पाणी हलायचं थांबलं, की गाडीचा कारभार आटोपलाच. इंजिनानं तापवलेलं पाणी वरून माझ्यात शिरायचं, तांब्याच्या बारीक नळ्यांमधून उतरताना वाऱ्यावर निवायचं आणि खालून पुन्हा इंजिनाकडे धावायचं. कारखान्यात माझ्या फासळ्या जुळल्या त्या दिवसापासून स्वस्थ बसणं मला ठाऊक नाही.

माझी जागा गाडीच्या तोंडाशी, जाळीच्या मागे. धूळ आधी माझ्या अंगावर, किडे आधी माझ्या अंगावर. आणि धक्का? तोही आधी मलाच.

गाडी घरात एकच होती आणि ती चालवायची सूनबाई. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि प्रयोगशाळेत पोचवायचे, हे तिचं काम. तिचा नवरा, म्हणजे आमचे चिरंजीव, कचेरीत बसून हिशेब तपासायचे आणि घरी आले की उरलेल्या जगाला सूचना द्यायचे. सासूबाई मागच्या सीटवर बसायच्या. बसायच्या म्हणजे काय, पुढच्या दोन सीटच्या मधून मान काढून रस्ता बघायच्या.

सासूबाईंची धाकटी बहीण घाटापलीकडच्या गावात राहायची. तिची नजर हळूहळू जात चालली होती. "एकदा भेटवून आण रे," असं सासूबाई म्हणाल्या, की चिरंजीव म्हणायचे, "जाऊ गं, रविवारी जाऊ." रविवार यायचा, चिरंजीव झोपायचे आणि रविवार जायचा.

शेवटी एका सकाळी सासूबाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला शिकव."

"काय शिकवू, आई?"

"हेच. गाडी."

सूनबाईला आधी हसू आलं. मग सासूबाईंचा चेहरा पाहून तिनं हसू गिळलं. शिकाऊ परवाना निघाला आणि बर्फाच्या कारखान्यामागच्या पटांगणात आमची शाळा सुरू झाली. चिरंजीवांना पत्ता नव्हता. सासूबाई ब्रेक असा दाबायच्या, जणू पायाखाली विंचू आलाय. माझं पाणी इकडून तिकडे हिंदकळायचं. पण खरं सांगू? मला गंमत वाटायची. त्या बाईलाही माझ्यासारखंच स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं.

एक दिवस वळण घेताना कुत्रं आडवं आलं. सासूबाईंनी ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं. कुत्रं निसटलं, सिमेंटचा खांब मात्र जागचा हलला नाही. बंपर आत आला, मी मागे ढकलला गेलो आणि फिरत्या पंख्याचं पातं माझ्या फासळ्यांत घुसलं. माझं हिरवट पाणी जमिनीवर सांडू लागलं. असा रिकामा मी कधीच झालो नव्हतो.

सासूबाईंचे हात स्टिअरिंगच्या चाकावरच होते. "संपलं," त्या पुटपुटल्या. "आता तो मला गाडीच्या सावलीलासुद्धा उभं राहू देणार नाही."

सूनबाईनं दार उघडलं. "आई, तुम्ही इकडे या."

"का गं?"

"गाडी मी चालवत होते. तुम्ही मागे बसला होतात. कळलं?"

गाडी ओढून दारात आणली. चिरंजीवांनी बॉनेट उचललं आणि तोंड सोडलं. "लक्ष कुठे असतं तुझं? एवढा मोठा खांब दिसला नाही?" सूनबाई खाली मान घालून ऐकत होती. सासूबाई पायरीवर उभ्या होत्या.

मला इथेच आणलं, या गॅरेजात. मालकांना सगळे बुडबुडे मास्तर म्हणतात, कारण ते रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवतात, हवा भरतात आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसतात. माझ्यातून तर पंगतीच्या पंगती निघाल्या.

"नवा बसवता का?" मास्तरांनी विचारलं. "नाहीतर यालाच डाख लावून भोकं बुजवतो. पण फुटलेल्या नळ्या कायमच्या बंद कराव्या लागतील. गावात चालेल, चढाला पाणी निवणार नाही. घाटात नेऊ नका."

"घाटात कोण जातंय!" चिरंजीव म्हणाले. "बुजवा."

त्यांनी हे घरी सांगितलंच नाही. मी परत गाडीत बसलो. निम्म्या नळ्या मुक्या झालेल्या. सिग्नलला थांबलं तरी धाप लागायची, आणि आत एकच घोर, ह्या दोघी घाटात निघाल्या तर?

आणि एका सकाळी फोन आलाच. बहिणीची मुलगी तिला कायमची आपल्याकडे नेत होती, दूर, विमानानं. त्याच संध्याकाळी दोघी निघणार होत्या.

"व्हिडिओवर बोल ना, आई," चिरंजीव बूट घालता घालता म्हणाले.

"अरे, तिला आता दिसत असतं तर व्हिडिओवर भेटले नसते का?"

चिरंजीव कचेरीत गेले आणि आम्ही निघालो. सपाट रस्त्यावर सासूबाईंनी चालवली, पाठ ताठ करून. घाटाच्या पायथ्याशी सूनबाई चाकावर आली. पहिल्या वळणाला मी तापलो, दुसऱ्याला कढलो. मला ओरडता येत नाही हो. तापमानाचा काटा चढवणं आणि वाफ सोडणं, एवढीच माझी भाषा. मी दोन्ही केलं.

गाडी कडेला थांबली. सूनबाईनं नवऱ्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"घाटात?" चिरंजीव किंचाळले. "त्यानं सांगितलं होतं, घाटात नेऊ नका म्हणून!"

"कुणी? कधी?"

"गॅरेजवाल्यानं... दुरुस्तीच्या वेळी." सासूबाईंनी फोन हातात घेतला. "हे बघ. त्या दिवशी गाडी मी ठोकली. हिनं माझ्यासाठी तुझी बोलणी खाल्ली. आम्ही लपवलं, तूही लपवलंस. आता पुढे कसं जायचं ते सांग."

"आई, परत या."

"ते नाही विचारलं मी."

थोड्या वेळानं चिरंजीवांचा फोन आला. ते मास्तरांशी बोलले होते. "झाकणाला आत्ता हात लावू नका. पूर्ण निवू दे. मग फडकं धरून उघडा, पाणी भरा. गाडीतला हीटर पूर्ण चालू ठेवा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत येईल. काचा उघडा. काटा चढला की थांबा." मग जरा घुटमळून म्हणाले, "आणि आई... सांभाळून."

भर उन्हात, हीटर लावून, त्या दोघी घाट चढल्या. थांबत, वारा घालत, बाटल्या रिकाम्या करत. सूनबाई म्हणाली, "आई, आपण शिजतोय!" सासूबाई म्हणाल्या, "शिजू दे. कच्चं राहण्यापेक्षा बरं." माझ्या डाखाचा एक टाका सुटत होता. मी तो दातओठ खाऊन धरून ठेवला.

बहीण पायरीवर बसली होती, शेजारी बांधलेल्या बॅगा. तिनं सासूबाईंचा चेहरा हातांनी चाचपला.

"ताई, किती भिजलीस गं घामानं! चालत आलीस की काय?"

"गाडीनं आले. सपाटीला मी चालवली."

"जा, थापा मारू नकोस!"

सासूबाईंनी तिचा हात धरून स्टिअरिंगच्या चाकावर नेला, मग बॉनेटवर अलगद टेकवला. बहिणीनं हात पटकन मागे घेतला आणि हसत सुटली. "अगंबाई, ही तर तुझ्यापेक्षा तापट!" मग दोघी पायरीवर बसल्या, एकमेकींचे हात धरून. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. माझंच सूं सूं चाललं होतं.

त्यानंतर चिरंजीव स्वतः सासूबाईंना घेऊन गॅरेजात आले. "नवा बसवा," म्हणाले. "घाटात चालेल असा. आई गाडी विमानतळापर्यंत न्यायची म्हणतेय, पुढच्या वर्षी मावशी भेटायला येईल तेव्हा." नवा बसल्यावर सासूबाईंनी मला भिंतीशी ठेवलेलं पाहिलं, पदरानं माझ्यावरची धूळ झटकली आणि घाईनं गाडीत बसल्या. चाकामागे.

काल एक गिऱ्हाईक मला न्याहाळून म्हणालं, "मास्तर, याला रंग दिला तर दिवाणखान्यात शोभेल." माझ्या फासळ्या शहारल्या. शोभायला? मी?

तुमच्यापैकी कुणी मास्तरांना ओळखत असेल तर माझा निरोप द्या. म्हणावं, तांबं अजून चांगलं आहे. वितळवा, ठोका, नळ करा, बंब करा, वाटेल ते करा, फक्त भिंतीवर टांगू नका. ज्यातून काहीतरी धावत राहील असं काहीही मला चालेल. येतो मी. म्हणजे, कुणीतरी उचललं की निघतोच.