मंगळवारचं मटण

मंगळवारी दुपारी ताटात मटण बघून गुलजारचा हात थांबला. ना सण, ना पाहुणा. त्याने बायकोकडे पाहिलं, तर शहिस्ता पाठ फिरवून भाकरी थापत राहिली.

त्याच्या मानेवरच्या गाठीतला तुकडा बायोप्सीला पाठवून आठ दिवस झाले होते. दवाखान्यात फोन नंबर लिहून घेतला तो मुलाचा, आवेजचा. तिथेच गुलजारच्या मनात पाल चुकचुकली. कामशेतच्या बाजारात तो तीस वर्षं कुकर आणि शेगड्या दुरुस्त करत होता. बिघाड कुठे आहे, हे त्याला गिऱ्हाईक बोलायच्या आत कळायचं. आता तो घरातली माणसं तशीच न्याहाळू लागला. आवेज आंबीच्या कारखान्यातून आला की मोबाइल घेऊन बाहेर जायचा. एरवी जेवायला उशीर झाला की तोंडाचा पट्टा सोडणारी शहिस्ता हल्ली चकार शब्द काढत नव्हती. शेजारचे दत्तोबासुद्धा उगाच चहाला बसवून घ्यायचे. सगळ्यांना कळलंय, फक्त आपल्यालाच नाही, अशी त्याची खात्रीच झाली.

बुधवारी त्याने दुकान उघडलं नाही. कुणाला न सांगता तळेगावचा दवाखाना गाठला. काउंटरवरच्या मुलीने बघून सांगितलं, की रिपोर्ट आलेला नाही. कालही हेच सांगितलं होतं, असंही ती म्हणाली.

"काल कुणाला?"

"तुमच्या मिसेसना. सकाळी एकट्याच आल्या होत्या. तुम्हाला आधीच कळवलंय का, असं विचारत होत्या."

गुलजार घरी आला. शहिस्ता तांदूळ निवडत होती. कुठे गेलो होतो, ते त्याने सरळ सांगून टाकलं. तिने सूप खाली ठेवलं.

"आठ दिस तुमी गप गप," ती म्हणाली. "लोकांचे कुकर घरपोच नेऊन देताय, कामं उरकत सुटलाय. मला वाटलं, तुमाला समदं कळलंय अन् माज्यापास्नं लपवताय."

"अन् मटण?"

"तुमाला आवडतं म्हून केलं. त्यात काय इचारायचं?"

शुक्रवारी रिपोर्ट आल्याचा दवाखान्यातून फोन आला. आवेज म्हणाला, सुट्टी टाकून मीच आणतो. गुलजारने त्याला कामावर पाठवलं आणि दोघं नवरा-बायको तळेगावला गेले.

काउंटरवरच्या मुलीने बंद पाकीट पुढे केलं. गुलजारने ते घेतलं आणि शहिस्ताच्या हातात ठेवलं.

"तुज्यापाशी ऱ्हाऊ दे."

तिने ते उघडलं नाही. मांडीवर ठेवून ती बाकावर बसली, थोडी सरकून त्याला जागा केली. डॉक्टरांनी नाव पुकारलं, तेव्हा दोघंही एकदमच उठले.